सातबारा देऊन भागधारक झालेल्यांचे प्रश्न

दापोडीत एसटीच्या मध्यवर्ती कार्यशाळेच्या आसपास खेड, मावळ, मुळशीकडची कुटुंबे पुष्कळ आहेत. नोकरी इथे, मूळ घर तिकडे. त्यांतल्याच एका गृहस्थांनी मध्यंतरी मला एक जाड लिफाफा वाचायला आणून दिला. जमीन गेलेल्या शेतकऱ्यांच्या एका कंपनीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेची ती नोटीस होती, अख्खी इंग्रजीत. कंपनीचे नाव इथे नको. त्यांना एवढेच हवे होते: "वडिलांची चार एकर गेली. तिचं यात आता काय उरलंय, तेवढं सांगा." मी ताळेबंद जमेल तसा समजावला. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मात्र त्या कागदांत मला सापडले नाही.

हा प्रश्न एका घरापुरता नाही. चाकणच्या पलीकडे कनेरसर, निमगाव, दावडी, रेटवडी, गोसासी या गावांत तो अनेक वर्षे धुमसतो आहे. भारत फोर्ज आणि एमआयडीसी यांच्या भागीदारीतल्या खेड सेझसाठी इथल्या जमिनी संपादित झाल्या, तेव्हा मोबदल्याखेरीज १५ टक्के विकसित जमीन परत देण्याचे ठरले होते. ती प्रत्येकाला वेगवेगळी न देता खेड डेव्हलपर्स लिमिटेड ही कंपनी निघाली आणि शेतकरी तिचे भागधारक झाले. पुढे त्यांतल्या अनेकांनी मोर्चे काढले. मागणी अशी, की आमचा १५ टक्के परतावा कंपनीच्या भागांत नको, जमिनीच्याच रूपात आमच्या नावावर द्या.

कंपनीच्या बाजूचे म्हणणे आधी नीट ऐकले पाहिजे, कारण ते पोकळ नाही. चार एकर म्हणजे १६० गुंठे. त्याचे १५ टक्के २४ गुंठे. पण ज्याची अर्धा एकरच गेली, त्याच्या वाट्याला ३ गुंठे येतात, सव्वातीन हजार चौरस फुटांच्या आसपास. त्यात तीन भाऊ आणि दोन बहिणी. एवढ्याशा तुकड्यावर कारखाना उभा राहत नाही, आणि असे तुकडे सुटे झाले की पहिल्याच वर्षी एजंट दारात येऊन बसतात. एकत्र ठेवलेली जमीन मोठ्या उद्योगाला देता येते, भाड्याने लावता येते, भाव येईपर्यंत थांबवता येते.

याचे यशस्वी उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. हडपसरला सतीश मगर यांच्या पुढाकाराने शंभरावर शेतकरी कुटुंबांनी सुमारे ४०० एकर जमीन एकत्र केली, जमिनीच्या प्रमाणात भाग घेतले आणि मगरपट्टा सिटी उभी केली. नंतर सिंहगड रस्त्यावर नांदेड गावच्या शेतकऱ्यांनी सुमारे ७०० एकरांवर तोच मार्ग धरला. भागधारक होऊन शेतकरी बुडतोच, असे म्हणणाऱ्यांनी ही दोन गावे एकदा पाहून यावीत.

मात्र मगरपट्ट्याचे नाव घेऊन खेडच्या शेतकऱ्याला गप्प बसवणेही बरोबर नाही. हडपसरला कंपनी काढणारे, जमीन देणारे आणि संचालकाच्या खुर्चीत बसणारे एकाच भावकीतले, एकाच शिवारातले होते. जमीन संपादनाने गेली नव्हती. त्यांनी ती आपण होऊन एकत्र केली होती. काही शंका आली तर ती रात्री ओट्यावरसुद्धा विचारता येत होती. खेडला क्रम उलटा होता. जमीन आधी गेली, भाग मागून आले. भागधारक व्हायचे की नाही, हा निर्णय जिथे माणसाने स्वतः घेतलेला नसतो, तिथे प्रत्येक प्रश्नाच्या पोटात तो पहिला प्रश्न असतोच. संचालकांना तो आरोपासारखा ऐकू येतो. मला तो रास्त वाटतो.

कायदा काय देतो, तेही पाहू. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपले की सहा महिन्यांत सर्वसाधारण सभा झाली पाहिजे. तिची नोटीस पूर्ण २१ दिवस आधी मिळाली पाहिजे. सर्वसाधारण सभांची इतिवृत्ते भागधारकाला कंपनीच्या कार्यालयात विनामूल्य पाहता येतात आणि ठरलेली फी भरून नक्कल मागितली तर कामकाजाच्या सात दिवसांत द्यावी लागते. मतदानाचा हक्क असलेल्या भांडवलाचा दहावा हिस्सा एकत्र आला, तर विशेष सभा बोलावण्याची मागणी करता येते आणि संचालक मंडळाला ती टाळता येत नाही. साध्या बहुमताने संचालकाला काढताही येते. हे हक्क लहान नाहीत.

तरी त्यात एक मोठी फट आहे. भागधारकाला प्रश्न विचारायची रास्त संधी द्यावी, असे सभेचे मानक सांगते. प्रत्येक प्रश्नाला लेखी उत्तर दिलेच पाहिजे, असे कुठे नाही. दुसरी फट मला जास्त बोचते. सत्तरीतले वडील सभेला जाऊ शकत नाहीत, म्हणून मुलगा प्रतिनिधी म्हणून जातो. कंपनी कायद्यात अशा प्रतिनिधीला सभेत बोलण्याचा अधिकारच नाही. मतमोजणी झाली तर मत देता येते, हात वर करून होणाऱ्या मतदानात तेही नाही. म्हणजे ज्याला ताळेबंद वाचता येतो त्याने गप्प बसायचे, आणि ज्याच्या नावावर भाग आहेत तो घरी खाटेवर.

शेअर बाजारातल्या गुंतवणूकदाराला हे फारसे जाणवत नाही. उत्तर पटले नाही तर तो दुसऱ्या दिवशी भाग विकून मोकळा होतो. शेतकऱ्यांच्या अशा कंपनीचे भाग बाजारात नोंदलेले नसतात, घेणारा गावातलाच किंवा एजंट. त्यात २ ऑक्टोबर २०१८ पासून बाजारात न नोंदलेल्या पब्लिक कंपनीचे भागही हस्तांतर करण्याआधी डिमॅट करावे लागतात. ज्याने आयुष्यभर सातबारा, आठ-अ आणि फेरफार एवढेच कागद ओळखले, त्याने डिमॅट खाते कुठे उघडायचे? बाहेर पडायचे दार ज्याला नाही, त्याचे प्रश्न ऐकण्याची जबाबदारी कायद्याने सांगितली आहे त्याहून मोठी असते. माझे सगळे म्हणणे या एका गोष्टीवर उभे आहे.

जगात यासारखा सर्वांत मोठा प्रयोग अमेरिकेतल्या अलास्कात झाला. १८ डिसेंबर १९७१ च्या कायद्याने तिथल्या आदिवासींचे जमिनीवरचे दावे मिटवले गेले. बदल्यात सुमारे ४ कोटी ४० लाख एकर जमीन आणि ९६ कोटी डॉलरहून अधिक रक्कम त्यांच्याच प्रादेशिक व ग्रामकंपन्यांकडे गेली. सर्वसाधारणपणे माणशी शंभर भाग मिळाले आणि ते विकायला बंदी झाली. जमीन टिकली, काही कंपन्या मोठ्या झाल्या. पण त्या तारखेनंतर जन्मलेली मुले यादीबाहेर राहिली. पुढे कायदा बदलला आणि काही कंपन्यांच्या भागधारकांनी मतदान करून त्यांना आत घेतले. विक्रीवरची बंदी आणि पुढच्या पिढीचा हक्क यांचा वाद तिथे संचालक मंडळांना थेट सभासदांपुढे न्यावा लागला.

आपल्याकडे तो वाद अजून दबक्या आवाजात आहे, आणि तो बहिणींचा आहे. जमिनीला वारस लावताना तलाठ्याकडे मुलींची नावे द्यावी लागतात, निदान हक्कसोडासाठी त्यांची सही लागते. तीच जमीन एकट्या कर्त्याच्या नावावर भाग होऊन बसली, तर बहिणीचे नाव कुठल्या कागदावर आहे, हे कुणी विचारतही नाही. एखाद्या संचालक मंडळाने हा विषय आपण होऊन सभेपुढे आणला, तर मी त्याचे जाहीर अभिनंदन करीन.

संचालकांच्या काही अडचणी मात्र खऱ्या आहेत. एखाद्या उद्योगाशी भावाची बोलणी चालू असताना आकडा सभेत सांगितला, तर गिऱ्हाईक शेजारच्या जमिनीकडे वळते. कोर्टात प्रकरण असताना वकिलाचा सल्ला व्यासपीठावरून वाचता येत नाही. सभेत ग्रामपंचायतीची भांडणे उकरली जातात, उत्तर मिळालेला प्रश्न पुन्हा विचारून माइक अडवला जातो, हेही खरे. पण गुप्ततेला मुदत असते. व्यवहाराचा दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदला गेला की त्याची सूची दोन कुणालाही काढता येते. जे परक्या माणसाला चार पैसे भरून मिळते, ते भागधारकाला कंपनीने न मागता दिले पाहिजे.

पिंपरी-चिंचवडला वेगळीच वेळ आली. नवनगर विकास प्राधिकरण १९७२ मध्ये स्थापन झाले, निगडी, आकुर्डीपासून वाकड, चिखलीपर्यंतच्या जमिनी त्यात गेल्या आणि साडेबारा टक्के परताव्यासाठी दोन पिढ्या अर्ज करत राहिल्या. २०२१ मध्ये प्राधिकरणच बरखास्त झाले. मालमत्ता पीएमआरडीए आणि महापालिका यांच्यात वाटली गेली. ते शेतकरी भागधारक नव्हते, अर्जदार होते. त्यांना ना सभा, ना इतिवृत्त, ना मत. ते आठवले की कंपनी मोडून टाका म्हणणाऱ्यांना मला थांबवावेसे वाटते. भाग हातात असणे म्हणजे निदान सभेत एक खुर्ची असणे.

म्हणून माझा कौल असा. कंपनी सरसकट मोडू नये, पण तिच्यात कुणाला कोंडूनही ठेवू नये. ज्याला जमीन हवी त्याला, सलग प्लॉट पडत असेल तर, जमीन मिळावी. तुकडा फार लहान पडत असेल त्याला स्वतंत्र मूल्यांकनाने ठरलेला भाव द्यावा. ज्याला थांबायचे आहे त्याने थांबावे. हे ठरण्याआधी संचालक मंडळाने एक पत्रक काढावे, मराठीत, गावनिहाय: मूळ जमीन किती, आज कंपनीच्या नावे किती, विकली किती, कुणाला, काय भावाने, कर्जापोटी गहाण किती. सभेआधी आठ दिवस प्रश्न लेखी घ्यावेत, उत्तरे लेखी द्यावीत आणि ज्याचे उत्तर आज देता येत नाही त्यापुढे कारण आणि तारीख लिहावी. सभा शहरातल्या हॉटेलात न घेता गावच्या मंगल कार्यालयात घ्यावी. प्रतिनिधी म्हणून आलेल्या मुलाला कायदा बोलू देत नाही, तर सभा संपल्यावर तासभर त्याच्यासाठी बसावे. त्याला कायद्याची आडकाठी नाही.

आणि दापोडी, भोसरी, चाकणला नोकरी करणाऱ्या मुलांना एक विनंती. सप्टेंबरच्या आधी असा लिफाफा गावच्या घरी येईल. तो ट्रंकेत जाऊ देऊ नका. वडिलांना आणि बहिणींना वाचून दाखवा, प्रश्न लिहून कंपनीला पाठवा, पोच घ्या आणि गेल्या सभेच्या इतिवृत्ताची नक्कल मागून ठेवा.