पहिल्या क्रमांकाची किंमत

‘बळी तो कान पिळी, हाच जंगलाचा कायदा’ असे आपण सहज म्हणून जातो. नोकरीतल्या जीवघेण्या स्पर्धेचे समर्थन करतानाही हाच दाखला दिला जातो. प्रत्यक्ष जंगलातला हिशेब मात्र इतका सरळ नाही.

केनियातील अंबोसेली येथे, किलिमांजारोच्या परिसरात, बबून माकडांच्या टोळ्यांवर १९७१पासून सलग संशोधन चालू आहे. या टोळ्यांत नरांची उतरंड असते. मादी माजावर आली की तिच्या पार्श्वभागाची कातडी फुगते आणि ते साऱ्या टोळीला दिसते. गर्भधारणेची शक्यता सर्वाधिक असते त्या दिवसांत वरचढ नर सावलीसारखा तिच्यामागे असतो, इतरांना फिरकू देत नाही. या राखणीत त्याचे स्वतःचे खाणे कमी पडते. त्यातच कधी दोन नर संगनमत करून त्याला हुसकावून लावतात. प्रमुखपद टिकेल याची शाश्वती नसते.

या प्रमुखपदाची शारीरिक किंमत किती, हे २०११मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून कळले. १२५ नरांच्या विष्ठेचे नमुने नऊ वर्षे तपासण्यात आले. साधारणपणे दर्जा जितका वरचा, तितके ताणाचे संप्रेरक कमी आढळले. अपवाद एकच, पहिल्या क्रमांकाचा नर. त्याच्यातील ताण दुसऱ्या क्रमांकाच्या नरापेक्षा बराच जास्त होता. दुसऱ्याला मारामाऱ्या आणि माद्यांची राखण, दोन्ही कमी करावी लागतात. पुढे २०२१मध्ये डीएनएवरील रासायनिक खुणा तपासल्या, तेव्हा वरच्या दर्जाच्या नरांचे शरीर वयाच्या मानाने अधिक ‘जून’ दिसले.

ताणाचे संप्रेरक मुळात वाईट नाही. संकटात ते रक्तातील साखर वाढवून स्नायूंना इंधन पुरवते. पण संकट रोजचेच झाले, तर रक्तदाब व साखर चढी राहू लागते आणि रोगप्रतिकारशक्ती मंदावते.

म्हणून पद नकोच, असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. अंबोसेलीतच वरच्या दर्जाच्या नरांच्या जखमा लवकर भरतात, असेही दिसले आहे. माणसांत तर चित्र आणखी वेगळे आहे. ब्रिटनमध्ये १९६७ साली सुरू झालेल्या सरकारी नोकरांच्या व्हाइटहॉल अभ्यासात हृदयविकाराचे मृत्यू खालच्या श्रेणीत अधिक होते. साहेबाला आपली खुर्ची रोज सकाळी दातओठ खाऊन राखावी लागत नाही. शिपायाला मात्र आपल्या कामाच्या वेळाही ठरवता येत नाहीत. घातक ठरते ती निव्वळ जागा नव्हे, तर त्या जागेवरची अनिश्चितता आणि हतबलता.

माद्यांचा अनुभव याहून बोलका आहे. ज्या माद्या इतरांच्या सहवासात अधिक राहतात, एकमेकींच्या अंगावरचे केस निवडत बसतात, त्यांची अधिक पिल्ले जगतात, असे २००३मध्ये आढळले. हा फायदा आईच्या दर्जावर अवलंबून नव्हता. खालच्या पायरीवरच्या मादीलाही तो मिळत होता.

माकडांचे निष्कर्ष माणसांना जसेच्या तसे लावता येत नाहीत. तरीही आपल्या दवाखान्यांनी यातून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. चाळिशीतला रक्तदाबाचा रुग्ण आला की मीठ कमी करा, चाला, गोळी चुकवू नका, असे सांगितले जाते. ते आवश्यकच आहे. पण नोकरी टिकण्याची खात्री आहे का, झोप किती मिळते, मनातले बोलायला घरी-दारी कोणी आहे का, हे क्वचितच विचारले जाते. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागातही या तीन प्रश्नांना दोन मिनिटे पुरतात. उत्तर नकारार्थी आले, तर गोळीची मात्रा वाढवण्याआधी समुपदेशकाकडे चिठ्ठी द्यावी आणि पुढच्या खेपेला घरातल्या कोणाला तरी सोबत बोलवावे.