टाऊन हॉल जपला, सभा कुठे गेली?

नवी मुंबई : महापालिकेचे मुख्यालय म्हणजेच शहराचा टाऊन हॉल, असा समज आता रूढ झाला आहे. बेलापूर येथे २०१४ मध्ये सुरू झालेल्या घुमटाकार मुख्यालयासमोर छायाचित्रे काढणाऱ्या नवी मुंबईकरांची गर्दी पाहिली, की हा समज किती पक्का आहे ते कळते. मात्र, मुंबईच्या फोर्ट भागात १८३३ साली पूर्ण झालेला मूळ टाऊन हॉल महापालिकेच्या कचेरीसाठी बांधलेला नव्हता. नागरिकांनी एकत्र जमावे, बोलावे आणि प्रसंगी भांडावे यासाठी तो उभारला गेला. हा फरक लक्षात घेतला, तर वारसा म्हणून आपण नेमके काय जतन करतो, हा प्रश्न अधिक टोकदार होतो.

सर जेम्स मॅकिंटॉश यांनी १८०४ मध्ये मुंबईत साहित्यसंस्था स्थापन केली आणि पुढे शहराला सार्वजनिक सभागृह हवे, ही कल्पनाही मांडली. पैसा उभा करण्यासाठी चक्क लॉटरी काढण्यात आली! ती रक्कम अपुरी पडली. १८२१ मध्ये सुरू झालेले काम रेंगाळले, तेव्हा सरकारने उरलेला खर्च उचलला. मोबदल्यात कचेऱ्यांसाठी जागा मागून घेतली. ही देवाणघेवाण आजही संपलेली नाही. राज्याचे मुद्रांक कार्यालय याच इमारतीत आहे. लोकांच्या सभागृहात सरकार पहिल्या दिवसापासून भाडेकरू नव्हे, तर भागीदार होते.

वास्तूचा आराखडा बॉम्बे इंजिनीअर्सचे कर्नल थॉमस कूपर यांचा. काम पूर्ण होण्यापूर्वीच त्यांचे निधन झाले आणि सहकाऱ्यांनी ते तडीस नेले. सुमारे २०० फूट रुंद दर्शनी भाग, तीस पायऱ्यांचा रुंद चढ आणि वर ग्रीक डोरिक शैलीचे खोबणीदार खांब अशी ही रचना. खांब इंग्लंडहून जहाजाने आणले होते. त्यातील काही येथे जुळले नाहीत, म्हणून भायखळ्याच्या ख्राइस्ट चर्चला दिले गेले, असे सांगितले जाते. मुंबईची ओळख बनलेल्या गॉथिक इमारती नंतरच्या. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी बांधलेले मुंबई महापालिकेचे मुख्यालय १८९३ चे, म्हणजे टाऊन हॉलनंतर तब्बल साठ वर्षांनी आलेले. त्या इमारतीचा खर्च मंजूर अंदाजापेक्षा कमी आला होता, ही नोंद आजच्या कंत्राटदारांनी एकदा वाचावी अशी आहे.

या वास्तूतील सर्वांत जिवंत प्रसंग ११ डिसेंबर १९१८ चा आहे. मावळते गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांचे स्मारक करण्यासाठी शेरीफने नागरिकांची सभा येथे बोलावली होती. स्मारक 'मुंबईकरांच्या वतीने' होणार होते. बॅरिस्टर महंमद अली जिना यांच्या नेतृत्वाखालील विरोधकांनी सकाळपासूनच पायऱ्यांवर ठाण मांडले आणि दारे उघडताच सभागृहातील जागा बळकावल्या. कामकाज सुरू होताच गदारोळ झाला. पोलिसांनी सभागृह रिकामे केले, पण स्मारकाची योजनाही बारगळली. पुढे लोकांनी एकेक रुपया वर्गणी काढून काँग्रेस हाऊसच्या आवारात जिनांच्या नावाचे सभागृह बांधले. त्या दिवशी जिनांच्या बाजूने उभे असलेले 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक बी. जी. हॉर्निमन यांना सरकारने १९१९ मध्ये हद्दपार केले. टाऊन हॉलसमोरच्या एल्फिन्स्टन सर्कलला आज त्यांचेच नाव आहे. गव्हर्नरचे नाव गेले आणि संपादकाचे आले, असे शहरात क्वचितच घडते.

मुंबईच्या १९९५ च्या वारसा नियमावलीत ही इमारत प्रथम श्रेणीत आहे. बाहेरून वा आतून फेरफार करण्यावर कडक निर्बंध आहेत. ही नियमावली भिंतींना संरक्षण देते, वापराला नाही. टाऊन हॉल पडीक झाला नाही, तो मुख्यतः मॅकिंटॉश यांच्या संस्थेमुळे. तीच पुढे एशियाटिक सोसायटी झाली. एक लाखाहून अधिक ग्रंथ, दान्तेच्या महाकाव्याचे जुने हस्तलिखित, १८८२ मध्ये सोपाऱ्याच्या स्तूपात सापडलेले अवशेष येथे आहेत. भारतरत्न पां. वा. काणे यांच्यापासून दुर्गा भागवतांपर्यंत अनेकांची ही अभ्यासाची जागा. वाचकांच्या वर्दळीने इमारत टिकवली. सभा मात्र केव्हाच बाहेर पडल्या.

नवी मुंबईत तर ती जागा कधी निर्माणच झाली नाही. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने नोड, स्थानके, बाजार यांची आखणी केली. वाशीला विष्णुदास भावे नाट्यगृह आहे, प्रदर्शन केंद्र आहे. पण शहराच्या प्रश्नावर नागरिकांनी हक्काने सभा घ्यावी, असे मध्यवर्ती सभागृह नाही. विमानतळाला दि. बा. पाटील यांचे नाव द्यावे, यासाठी २४ जून २०२१ रोजी हजारो भूमिपुत्र बेलापूरला सिडको भवनाजवळच्या रस्त्यावर उतरले. एवढा जमाव कोणत्याही सभागृहात मावला नसता, हे खरे. परंतु त्याच काळात महापालिकेचे सभागृहही रिकामे होते. मे २०२० मध्ये मुदत संपल्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ निवडणूक झाली नाही आणि कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. पाणी, पुनर्विकास, गावठाणातील घरे यांवरचे निर्णय घुमटाखालीच झाले. फक्त ते ऐकायला आणि अडवायला समोरच्या बाकांवर कोणी बसलेले नव्हते.