बर्फात घसरलेले महापौर

मंडळी, पहिला बर्फ पडला की आम्हा शिकागोकरांना मायकेल बिलांडिक आठवतात. अकराव्या वॉर्डाचे नगरसेवक, पेशाने वकील, शांत गृहस्थ. डिसेंबर १९७६ मध्ये रिचर्ड डेली गेले आणि त्यांची २१ वर्षांची खुर्ची यांच्याकडे आली. १९७७ ची निवडणूकही जिंकले.

मग आला जानेवारी १९७९. दोन दिवसांत सुमारे २० इंच बर्फ, आणि आधीचा होताच! रस्ते तुंबले, कचरा साचला. महापौर म्हणाले, गाड्या लावायला मोकळ्या जागा साफ केल्यात. लोक जाऊन बघतात तो बर्फ जिथल्या तिथे! त्यातच 'एल' गाड्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतली काही स्टेशनं न थांबताच ओलांडू लागल्या. माणसं फलाटावर कुडकुडत उभी. माझ्या मते खरा घात इथे झाला. नुसता बर्फ लोकांनी माफ केला असता.

फेब्रुवारीत पक्षांतर्गत निवडणुकीत त्यांना हरवलं कोणी, तर जेन बर्न यांनी. १९७७ मध्ये बिलांडिक यांनीच नोकरीवरून काढलेली बाई! तीच शहराची पहिली महिला महापौर झाली.

बिलांडिक पुढे इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाचे सरन्यायाधीश झाले, हे मात्र फारसं कोणाला आठवत नाही. इथे मिठाचे ट्रक दिसले की बर्फच आठवतो.