सरगीचं ताट
करवा चौथच्या दिवशी पंजाबात पहाटे चारलाच स्वयंपाकघरात दिवा लागतो. सासूने सुनेसाठी वाढलेली सरगी म्हणजे दुधातल्या फेण्या, मठरी, फळं. मग चंद्र दिसेपर्यंत पाण्याचा थेंबही नाही. घर हिंदूचं की शिखाचं, हे त्या ताटावरून ओळखू येत नाही. गुरुबाणीत उपासतापासाला महत्त्व नाही, शीख रहत मर्यादा ही आचारसंहिताही व्रतांना नकार देते. तरी कित्येक शीख घरांतल्या बायका हा उपास मनापासून धरतात. त्यांना कुणी धर्मबुडव्या म्हटलं की मला वाईट वाटतं. हा पिढ्यान्‌पिढ्यांचा हिंदू-शीख शेजार आहे, रोटी-बेटीचाही. तो महाराष्ट्रापर्यंतही पोचतो: आपल्या संत नामदेवांची 61 पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत. एकादशी धरणाऱ्या वारकऱ्याला द्वादशीला उपास सोडायला पंजाबातल्या घुमानच्या नामदेव गुरुद्वाऱ्यातल्या लंगरासारखी दुसरी पंगत मला तरी सुचत नाही.