कंपायलर कडक झाला, हे चांगलंच झालं

जेंटू लिनक्स वापरणारे बहुतेक सॉफ्टवेअर तयार स्वरूपात घेत नाहीत. मूळ सोर्स कोड उतरवायचा आणि आपल्याच संगणकावर कंपाइल करायचा, म्हणजे तयार पीठ न आणता घरीच दळायचं, अशी तिथली रीत. डिसेंबर 2023 पासून तयार पॅकेजेसही मिळू लागली, तरी ही रीत कायम आहे. त्यामुळे जीसीसी या कंपायलरची नवी आवृत्ती आली की तिचा फटका या मंडळींना आधी बसतो. कालपर्यंत बिनतक्रार तयार होणारं पॅकेज आज एरर देऊन अडतं आणि खापर फुटतं ते कंपायलरच्या डोक्यावर. बहुतेक वेळा हा अन्याय असतो.

मे 2024 मध्ये आलेलं जीसीसी 14 घ्या. सी भाषेत पूर्वी एखादं फंक्शन आधी जाहीर न करता वापरलं तरी चालायचं. ते ‘इंट’, म्हणजे पूर्णांक, परत देतं असं कंपायलर धरून चालायचा. 1999 च्या सी मानकाने ही सवलत काढून टाकली. पण जुना कोड बंद पडू नये म्हणून जीसीसी ती देतच राहिला, फार तर वॉर्निंग द्यायचा. त्या वॉर्निंगची एरर व्हायला पंचवीस वर्षं लागली.

हा कोरडा शिस्तीचा सोस नव्हे. समजा, ते फंक्शन प्रत्यक्षात मेमरीतला पत्ता परत देतं. आजच्या संगणकावर पत्ता 64 बिटांचा असतो, इंट 32 बिटांचा. जाहीर न केलेल्या फंक्शनकडून आलेल्या पत्त्याचा वरचा अर्धा भाग छाटला जातो. पत्ता लहान असेल तोवर निभावतं, मोठा आला की प्रोग्रॅम कोसळतो. असला दोष कधी दिसतो, कधी नाही. शोधणाऱ्याचा जीव मेटाकुटीला येतो.

खरा धोका मात्र एरर न देणाऱ्या पॅकेजमध्ये आहे. कंपाइल करण्याआधी ‘कॉन्फिगर’ नावाची स्क्रिप्ट चार-पाच ओळींचे छोटे प्रोग्रॅम बनवून पाहते, की या संगणकावर अमुक सुविधा आहे का. हे चाचणी-प्रोग्रॅम जुन्या ढंगाचे असले, तर कडक कंपायलर ते नाकारतो. स्क्रिप्ट त्यावरून ‘सुविधा नाही’ असा निष्कर्ष काढते, ती वगळते आणि पुढे जाते. पॅकेज तयार होतं, पण लंगडं, आणि कोणाला पत्ताही लागत नाही. पॅकेजेस बसवणारं जेंटूचं साधन, पोर्टेज, या स्क्रिप्टच्या लॉगमध्ये जाहीर न केलेली फंक्शन्स शोधून सूचना देतं. ती सूचना न वाचता पुढे जाणं महागात पडू शकतं.

प्रत्येक वेळी दोष जुन्या कोडचाच असतो असं नाही. 2015 च्या जीसीसी 5 मध्ये सी++11 मानकासाठी ‘स्ट्रिंग’ची अंतर्गत रचनाच बदलली. नियमाला धरून लिहिलेले प्रोग्रॅमही जुन्या कंपायलरने बनवलेल्या लायब्ररींशी जुळेनात आणि सी++ची पॅकेजेस पुन्हा कंपाइल करावी लागली. तिथे वापरणाऱ्यांची चिडचिड रास्त होती.

जीसीसी 14 च्या बाबतीत मात्र ‘एफ-पर्मिसिव्ह’ हा पर्याय सगळ्या पॅकेजेसना सरसकट लावून एरर पुन्हा वॉर्निंगवर आणणं ही पळवाट आहे. एखाद्या अडलेल्या पॅकेजपुरती ती ठीक. कायमची ठेवली तर दोष झाकला जातो. एप्रिल 2025 मध्ये जीसीसी 15 आलं आणि सी23 हे त्याचं डीफॉल्ट मानक झालं. त्यात ‘बूल’ हा राखीव शब्द आहे, त्यामुळे तो स्वतः ठरवून घेणारा जुना कोड पुन्हा अडला. दर आवृत्तीला पळवाट शोधायची, की एकदा कोड दुरुस्त करून मूळ लेखकाकडे पॅच, म्हणजे त्या दुरुस्तीची फाइल, पाठवायचा?

महाराष्ट्रातल्या अनेक विद्यार्थ्यांनी सी शिकली ती 1990 च्या दशकातल्या टर्बो सी++वर, ‘व्हॉइड मेन’ लिहीत. पुढे आधुनिक कंपायलर अडवतो तेव्हा ही मुलं गोंधळतात. महाविद्यालयांनी त्यांना आजचं जीसीसी द्यावं आणि शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी खरंखुरं अडलेलं पॅकेज हाती द्यावं. नव्या कंपायलरवर अडलेल्या पॅकेजेसची यादी बगझिला या जेंटूच्या दोषनोंदणीच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. अनेक दुरुस्त्या एक-दोन ओळींच्या असतात: राहिलेली हेडर फाइल जोडायची, फंक्शनचा प्रकार नीट लिहायचा. पॅच स्वीकारला गेला की तो जगभरच्या लिनक्सवाल्यांपर्यंत पोहोचतो.