रायटर शोधणं हे पालकांचं काम नाही

फेब्रुवारी लागला की व्हॉट्सॲपवर एकाच धाटणीचे निरोप फिरू लागतात. 'दहावीच्या अंध विद्यार्थिनीसाठी रायटर हवा. मराठी माध्यम. वेळ अकरा ते तीन. नववीत शिकणारा चालेल. कृपया पुढे पाठवा.' आपण पुढे पाठवतो, आणि बहुतेक वेळा कुणीतरी सापडतंही. स्वतःची वार्षिक परीक्षा तोंडावर असताना दुसऱ्याचे पेपर लिहून देणाऱ्या मुलांचं मला मनापासून कौतुक आहे. पण हा निरोप आईबापांना पाठवावाच का लागतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ या कायद्याचं कलम १७ उघडून पाहा. परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक, म्हणजे मुलांच्या भाषेत रायटर, या सोयी करण्याची जबाबदारी त्यात सरकारवर आणि स्थानिक प्राधिकरणांवर टाकलेली आहे. शेजारपाजाऱ्यांवर नाही. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचना तर आणखी पुढे गेल्या. तासाला किमान २० मिनिटं जादा द्या, जिल्हा, विभाग किंवा राज्य पातळीवर लेखनिकांचं पॅनेल करता येईल, आणि विद्यार्थ्याला लेखनिक परीक्षेच्या दोन दिवस आधी भेटू द्या, असं त्यांत सांगितलं होतं.

हे दोन दिवस का लागतात, ते मी जवळून पाहिलं आहे. मी काही अंध विद्यार्थ्यांना पुस्तकं वाचून रेकॉर्ड करून देते. मला त्यांची रायटर होता येत नाही, कारण विद्यार्थ्याने स्वतः आणलेल्या लेखनिकाचं शिक्षण त्याच्यापेक्षा एक पायरी खाली लागतं. गेल्या वर्षी त्यांतल्या एस.वाय.बी.ए.च्या मुलीला अर्थशास्त्राच्या पेपरासाठी बारावी सायन्सचा मुलगा मिळाला, तोही आदल्या संध्याकाळी. मुलगा गुणी होता, अक्षर सुरेख होतं, पण 'सीमांत उपयोगिता' हे शब्द त्याने कधी ऐकलेच नव्हते. मागणीचा वक्र तिला तोंडी सांगून काढून घ्यायचा होता. "आधी उभी रेघ, तिच्यावर किंमत. मग आडवी, तिच्यावर मागणी. आता डावीकडून वरून सुरू कर आणि उजवीकडे खाली ये." "किती खाली?" त्याने विचारलं. तिने त्याचा हात धरला आणि बाकावर बोटाने वक्र ओढून दाखवला. मग स्वल्पविराम कुठे, नवा परिच्छेद कसा सांगायचा, खोडायचं असेल तर काय म्हणायचं, हे सगळं ठरवण्यात ती संध्याकाळ गेली. वर्गातल्या इतर मुली त्या वेळी शेवटची उजळणी करत होत्या.

अशा परीक्षेत कमी गुण पडले तर ते कुणाचे कमी पडले?

काही लोक म्हणतात, संस्था आहेत, स्वयंसेवक आहेत, भागतंय की. पुण्यामुंबईत भागत असेल. तालुक्याच्या गावात एकाच वेळी तीन मुलांना रायटर हवे झाले तर काय करायचं? शिवाय स्वतः आणलेल्या रायटरकडे परीक्षा केंद्रावर संशयाने पाहिलं जातं. पर्यवेक्षक डोक्यावर उभे राहतात आणि दोन्ही मुलं बावरतात. मंडळाने आणि विद्यापीठाने स्वतःच्या यादीतला लेखनिक दिला, तर गैरप्रकाराची शंकाही उरणार नाही आणि मुलांचा अपमानही टळेल.

न्यायालयाने याबाबत पुरेसं बजावलं आहे. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की लेखनिक मिळण्यासाठी ४० टक्के अपंगत्वाची अट लावता येणार नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात 'नीट' देणाऱ्या एका विद्यार्थिनीचं प्रकरण आलं. लेखनदोष असल्यामुळे तिला एक तास जादा मिळायला हवा होता, केंद्रावर तो नाकारला गेला. चूक तिची नव्हती, हे न्यायालयाने मान्य केलं, पण फेरपरीक्षा काही मिळाली नाही. परीक्षेच्या दिवशी नाकारलेली मदत नंतर कोर्टातूनही पुरती परत मिळत नाही, म्हणून ती आधीच तयार असावी लागते.

महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग काढला. त्या विभागाने आणि शिक्षण खात्याने एकत्र बसून प्रत्येक जिल्ह्यात लेखनिकांची यादी करावी. त्यांना प्रशिक्षण द्यावं, प्रवासखर्च आणि मानधन द्यावं, विषय पाहून नेमणूक करावी, आणि हॉलतिकिटाबरोबरच विद्यार्थ्याच्या हातात रायटरचं नाव पडावं. यात अवघड किंवा अवाढव्य खर्चाचं काही नाही. तुमच्या भागातल्या आमदाराला, गटशिक्षणाधिकाऱ्याला, कॉलेजच्या प्राचार्यांना याच आठवड्यात विचारा, की आपल्याकडे अशी यादी आहे का. नसेल तर कधी होणार, ती तारीख लेखी मागा.