हजेरीचे बक्षीस कोणाला?

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षेला व मानसिक छळाला मनाई केली. छडी कागदावर तरी गेली, हे इष्टच झाले. आता शिस्त राखावयाची ती बक्षिसांनी, असे शिक्षकांना प्रशिक्षणवर्गांत सांगितले जाते. परंतु पूर्ण हजेरीचे बक्षीस मिळणार कोणाला? बीडच्या ऊसतोड मजुराचे मूल दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर कारखान्याच्या वाटेला लागते, ते उन्हाळ्याच्या तोंडी परतते. त्याची गैरहजेरी ही वर्तनातील उणीव नव्हे. मुकादमाकडून घेतलेली उचल ते कुटुंब फेडीत असते. प्रशिक्षणाचा पहिला तास हा हिशेब समजावून देण्यासाठी राखावा, आणि हजेरीची बक्षिसे बंद करावीत, ही मागणी शिक्षक संघटनांनीच लावून धरली पाहिजे.